हळव्या तोंडाचा घोडा आणि झेनोफनचे दोन लगाम

आजचा विषय ऐकून काही जणांना प्रश्न पडला असेल की लगामावर बोलण्यासारखं असं काय आहे? लोखंडाची एक कांब, दोन कड्या, दोन वाद्या. पण माणसाने दुसऱ्या जिवावर ताबा कसा मिळवला, आणि तो मिळवताना किती दुखवायचं याचा हिशेब कसा केला, हे या वीतभर लोखंडात नोंदलेलं आहे.

सुरुवात घोड्याच्या जबड्यापासून करू. त्याच्या पुढच्या दातांत आणि मागच्या दाढांत निसर्गानेच एक मोकळी जागा ठेवलेली आहे. तिथे दात नाहीत, हाडावर पातळ हिरडी तेवढी आहे. लगामाची कांब बसते ती याच जागेत आणि जिभेवर. म्हणजे माणसाला घोडा हाकता आला तो त्याच्या तोंडातल्या सगळ्यात नाजूक जागेमुळे. ती जागा प्रत्येक घोड्याची सारखी नसते. एखाद्याला बोटाचा इशारा पुरतो, तर एखाद्याची हिरडी ओढून ओढून निबर झालेली असते.

हा फरक नीट लिहून ठेवणारा एक जुना लेखक म्हणजे अथेन्सचा झेनोफन. सॉक्रेटिसच्या सहवासात वाढलेला, इसवी सनपूर्व ४०१ मध्ये भाडोत्री ग्रीक फौजेबरोबर इराणी साम्राज्यात खोलवर गेलेला आणि तिथून परत आलेला हा माणूस. त्याने घोडेस्वारीवर एक छोटंसं पुस्तक लिहिलं आणि ते आज पूर्ण उपलब्ध आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. त्या काळी ग्रीसमध्ये रिकीब नव्हती, आजच्यासारखं खोगीरही नव्हतं. रिकीब युरोपात पोचायला अजून हजारएक वर्षं होती. पाठीवर फार तर एक कापड. अशा बैठकीत तोल गेला की नवखा स्वार काय धरणार? लगामच. आणि त्याच्या वजनाचा हिसका जाणार घोड्याच्या हिरडीवर.

झेनोफन सांगतो, निदान दोन लगाम बाळगा. एक गुळगुळीत, दुसरा खरखरीत, धारदार दातऱ्यांचा. या दातऱ्यांना ग्रीक लोकांनी एका काटेरी अंगाच्या प्राण्याचं नाव दिलं होतं. असे लगाम आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात, आणि पाहताना आपल्याच जिभेवर काटा येतो! झेनोफनचा युक्तिवाद असा, की खरखरीत लगाम टोचला की घोडा तो चावून धरत नाही, तोंडातून सोडतो. मग गुळगुळीत लगाम आला की त्याला बरं वाटतं, आणि जे काम तो आधी शिकला तेच या लगामावरही करतो.

इथे जरा थांबू या. झेनोफनला मृदू घोडेस्वारीचा आद्य पुरस्कर्ता म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धं. मृदू लगामाची गोडी लागावी म्हणून आधी काटे दाखवा, असं सांगणाराही तोच. इतिहासात माणसं अशीच सापडतात, एका पायाने आपल्या काळात उभी आणि दुसरा पाय पुढे टाकलेली.

तो पुढे टाकलेला पाय कुठे दिसतो? एक तर लगामाच्या घडणीत. लगाम कोणताही असो, तो लवचीक हवा, असा त्याचा आग्रह आहे. कारण मोठं छान सांगतो. ताठ कांब म्हणजे मांस भाजायची सळई. कुठेही धरली तरी सगळी हातात येते, म्हणून घोडा ती दाताखाली दाबून बसतो. लवचीक लगाम साखळीसारखा असतो. एक कडी धरावी तर बाकीच्या लोंबत राहतात, त्यामुळे त्याला तो पकडून ठेवता येत नाही. मध्ये बारीक कड्या अडकवलेल्या असतात, घोडा त्यांच्याशी जिभेने खेळत राहतो.

दुसरं, लगाम बसवण्यात. फार वर ओढून घट्ट बांधला तर तोंड निबर होतं, फार सैल सोडला तर घोडा तो दातात धरतो. म्हणजे ज्याला आपण ‘निगरगट्ट घोडा’ म्हणतो, तो पुष्कळदा आपल्याच हाताने घडवलेला असतो.

आणि तिसरं, हातात. ओढ इतकी जोराची नको की घोडा मान झटकेल, इतकी हलकीही नको की त्याला कळणारच नाही. त्याने मान उचलून प्रतिसाद दिला की लगाम लगेच ढिला करायचा. बळजबरीने केलेलं काम घोड्याला समजत नाही, चाबकाने नाचवलेल्या नर्तकासारखं ते कुरूप दिसतं, हे सायमन या आणखी जुन्या जाणकाराचं मतही तो आवर्जून नोंदवतो.

हे शहाणपण सरळ रेषेत पुढे गेलं नाही. १५५० मध्ये नेपल्सच्या फेदेरिको ग्रिसोनेचं गाजलेलं पुस्तक आलं, त्यात लगामांच्या चित्रांची पानांमागून पानं आहेत. लांब दांड्यांचे हे लगाम तरफेसारखे चालतात. हाताची ओढ थोडी, तोंडातला दाब कितीतरी जास्त. पुढे फ्रान्समध्ये प्ल्युव्हिनेल आणि अठराव्या शतकात ला गेरिनिएर यांनी स्वारीचा रोख पुन्हा सौम्य शिक्षणाकडे वळवला.

आज हळव्या तोंडासाठी लगाम निवडायचा तर काय पाहायचं? आधी दात आणि हिरडी तपासून घ्यायची, कारण दाढेची धार लागत असेल तर कुठलाच लगाम मऊ नाही. जाड कांब दाब पसरवते हे खरं, पण लहान तोंडात, जाड जिभेवर तिला जागाच उरत नाही. मधे दोन सांधे असलेली, गुळगुळीत, मापाची आणि बिनतरफेची कांब बऱ्याच घोड्यांना मानवते. शेवटी निवड घोडाच सांगतो. तो मान झटकतो, तोंड उघडतो, जीभ बाहेर काढतो, की शांतपणे कांब चघळतो, हे पाहावं लागतं.

आणि हा प्रश्न काही ग्रीसमध्येच राहिलेला नाही. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी भारत सरकारने १९६५ मध्ये केलेल्या नियमांत काटेरी लगामाला मनाई आहे. तरीही असे लगाम आपल्याकडे वरातीच्या, टांग्याच्या घोड्यांच्या तोंडात सापडत आले आहेत. काटे म्हणजे सुरक्षितता, हा समज जुना आहे. पण घोडा हा दुखलं की पळणारा प्राणी. बँड, फटाके, गर्दी, आणि वर तोंडात कळ. अशा वेळी तो थांबेल की उधळेल?

तेव्हा पुढच्या वरातीत नवरदेवाकडे पाहून झालं, की एकदा घोडीच्या तोंडाकडेही पाहा.