मृत्युसमीप अनुभव आणि श्रद्धा

मृत्युसमीप अनुभव म्हणजे मरणाच्या उंबरठ्यावरून परतलेल्यांनी सांगितलेला अनुभव. रेमंड मूडी यांच्या १९७५ च्या पुस्तकाने बोगदा, प्रकाश, देहाबाहेर तरंगणे हा साचा रूढ केला, पण तो सार्वत्रिक नाही. सतवंत पसरिचा व इयन स्टीव्हन्सन या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेल्या १६ भारतीय घटनांत यमदूत माणसाला नेतात, चुकीचा माणूस आणल्याचे उघड होते आणि त्याची परत पाठवणी होते, असे वारंवार आढळते. वऱ्हाडात वटपौर्णिमेच्या सावित्रीकथेमुळे यम घरोघरी ओळखीचा आहे. मात्र दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात आसन्नमरण जानराव देशमुख वाचतात ते शेगावच्या गजानन महाराजांच्या तीर्थाने. ही अनुभवाची नोंद नव्हे, कृपेची कथा आहे. तरी परतीचे कारण समाज आपल्या श्रद्धेतूनच शोधतो, हे तीत स्पष्ट दिसते.

यावर आक्षेप असा की, श्रद्धाच सारे घडवत असेल तर नास्तिकांना असे अनुभव येऊ नयेत. पिम व्हॅन लोमेल यांच्या २००१ च्या डच अभ्यासात हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनी अनुभव सांगितला, आणि त्याचा धार्मिकतेशी संबंध आढळला नाही. म्हणजे अनुभव येणे श्रद्धेवर अवलंबून नसावे. त्यातली पात्रे व अर्थ मात्र श्रद्धा पुरवते. पुढे सांगताना रंग चढतो, हा दुसरा आक्षेप बराचसा खरा आहे. म्हणून अमरावती-अकोल्याच्या डॉक्टरांनी रुग्ण शुद्धीवर येताच, त्याच्याच शब्दांत नोंद घ्यावी. श्राद्ध-पिंडदान नाकारणाऱ्या इथल्या बौद्ध समाजातील नोंदी तर, श्रद्धेची चौकट वेगळी असल्याने, विशेष मोलाच्या ठरतील.