डार्टमूरवरील मुक्कामाचा हक्क

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डार्टमूर हे वाऱ्याने झोडपलेले ओसाड पठार १९५१ साली राष्ट्रीय उद्यान ठरले. तथापि तेथील माळराने बहुतांशी खाजगी मालकीचीच राहिली. त्यांवर आसपासच्या शेतकऱ्यांचा गुरचराईचा सामाईक हक्क चालत आला. १९८५ च्या कायद्याने जनतेस या माळांवर पायी वा घोड्यावरून, मोकळ्या हवेतील मनोरंजनासाठी, संचाराचा हक्क दिला. तंबू ठोकून रात्र काढणे त्या मनोरंजनात मोडते काय, हे मात्र कायद्याने सांगितले नाही. अनेक वर्षांच्या वहिवाटीने तो प्रश्न झाकून ठेवला होता. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने जमीनमालकांचा पक्ष उचलून धरला. जुलैमध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मुक्कामाचा हक्क मान्य केला. 'पायी वा घोड्यावरून' हे शब्द माळावर जाण्याची रीत सांगतात, मनोरंजनाचा प्रकार ठरवीत नाहीत, असा त्याचा आशय होता. मधल्या काही महिन्यांत मुक्काम मालकांच्या परवानगीवर अवलंबून होता. परवानगी देणारा ती काढूनही घेऊ शकतो. हक्काचे तसे नसते. वहिवाट कितीही रुळलेली असली तरी कायद्याच्या शब्दांचा आधार मिळेपर्यंत ती अस्थिरच असते, हेच या वादातून दिसते.