संगीत नाटकातील नांदी : प्रयोगपूर्व स्वरतयारीची परंपरा

प्रस्तावना : मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात नाटककार, पदे व गायकनट यांची विपुल चर्चा झाली आहे. त्या तुलनेत पडदा उघडण्यापूर्वी नटसंचाची स्वरतयारी कशी होई, हा प्रश्न उपेक्षित राहिला. नांदीकडे केवळ मंगलाचरण म्हणून पाहिल्याने तिचे हे कार्य नजरेआड झाले.

शास्त्राधार : भरताच्या नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात पूर्वरंगाची अंगे सांगितली आहेत. त्यांपैकी पहिली नऊ पडद्याआड करावयाची असतात. वाद्यांची मांडणी म्हणजे प्रत्याहार, गायकांनी आसनस्थ होणे म्हणजे अवतरण आणि गायनाचा उपक्रम म्हणजे आरंभ. नांदी त्यानंतर येते. देवतास्तवनापूर्वी स्वर जुळले पाहिजेत, हाच या क्रमाचा अर्थ होय.

मराठी रंगभूमी : सांगलीत 1843 मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यांच्या नाटकांत पदे गाण्याचा मुख्य भार सूत्रधारावर असे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि पात्रे स्वतः गाऊ लागली. साहजिकच स्वरतयारी ही एकट्या सूत्रधाराची बाब न राहता साऱ्या नटसंचाची गरज बनली.

शिरोळ परिसर : या परिवर्तनाला पोषक संगीतवातावरण कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात होते. शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे जन्मस्थान (1872). त्यांचे शिक्षण जवळच्या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे झाले. तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या याच मिरजेत 1905 मध्ये बालगंधर्वांनी शकुंतलेच्या भूमिकेतून रंगभूमीवर पदार्पण केले.

नांदीचे व्यावहारिक कार्य : प्रत्येक गायकनटाची पट्टी निराळी असते, समूहाने गायिलेल्या नांदीत मात्र सर्वांना एकाच षड्जावर यावे लागते. ऑर्गनचे स्वर स्थिर असल्याने तबला व सारंगी त्याच्याशी जुळवावी लागे. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो की नाही, याचा अंदाजही नांदीतच येई. एकट्याने पहिले पद म्हणण्यापूर्वी नटाचा गळा इतरांच्या आधाराने मोकळा होई, हा लाभ वेगळाच.

निष्कर्ष : नांदी ही उपासना व स्वरसाधना यांचा संगम होय. वेळेअभावी ती ध्वनिमुद्रित स्वरूपात वाजविल्यास मंगलाचरण होते, परंतु नटांचे गळे अनुत्तेजित राहतात व त्याची किंमत पहिल्या प्रवेशाला मोजावी लागते. महाविद्यालयीन नाट्यपथकांनी संगीत नाटक बसविताना नांदी संपूर्ण नटसंचाकडून गाऊन घेणे, हे म्हणूनच परंपरेचे जतन तर आहेच, शिवाय प्रयोगाच्या हिताचेही आहे.