पगाराचा कारकून : मालकाचा कीं कायद्याचा?

भिवंडीच्या मागशेडांत विणकराची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरत आली, आणि तिचा हिशेब मेहताजीच्या वहींत राहिला. या वहीचें महत्त्व समजण्यास प्रथम मुंबईच्या गिरण्यांकडे वळावें लागतें.

तेथें पगाराचा कारकून आरंभीं केवळ मालकाचा माणूस होता. केलेल्या कामाचे पैसे आठवडेच्या आठवडे अडकून राहात. दंडाची कापणी निराळीच. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें तयार झालेल्या अर्जांत, मागील महिन्याचा पगार पुढच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, अशी मागणी होती. ती कायद्यांत उतरण्यास १९३६ साल उजाडलें. हजारांहून कमी कामगारांच्या कारखान्यांस ७ तारखेची, मोठ्यांस १० तारखेची मुदत मिळाली. दंड रुपयामागें अर्ध्या आण्यावर रोखला गेला. वही सरकारी निरीक्षकासमोर येऊं लागली. १९५२ च्या कायद्यानें तींत भविष्यनिर्वाह निधीची भर पडली. मालकाचें टिपण असलेली वही अशा रीतीनें मजुराचा पुरावा बनली.

भिवंडीस हा पालट अर्धाच पोंचला. निधीच्या कायद्यांत किमान माणसांची अट होती, आणि शेडांतील माणसें थोडीं. १९८२ च्या गिरणी-संपानंतर येथें माग वाढले. नोंदी त्या मानानें वाढल्या नाहींत. पुढें गोदामें आलीं, हिशेब संगणकावर गेला. परंतु यंत्र नोंदलेल्या नांवाचाच पगार काढतें. नांव लिहिणें हें अजून माणसाचेंच काम आहे, आणि न्यायाचा आरंभही तेथूनच होतो.