मलेरिया (शब्दव्युत्पत्ती)

मलेरिया हा हिवतापाचे नाव म्हणून जगभर रूढ झालेला मूळचा इटालियन शब्द आहे. ‘माला’ (वाईट) आणि ‘आरिया’ (हवा) या दोन पदांपासून तो बनला असून ‘दूषित हवा’ हा त्याचा शब्दशः अर्थ होय.

रोम शहर व त्याच्या आग्नेयेकडील पाँटाइन दलदलीचा प्रदेश येथे उन्हाळ्यात तापाची साथ येत असे. दलदलीतून निघणारी कुबट हवा हेच तिचे कारण मानले जाई. त्यामुळे आरंभी हवेचा वाचक असलेला हा शब्द पुढे रोगाचाच वाचक झाला. इंग्रज लेखक होरेस वॉलपोल यांनी १७४० मध्ये इटलीतून लिहिलेल्या पत्रात तो योजला आहे.

या रोगाचे परजीवी शार्ल लाव्हरां यांना १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात आढळले. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे ते डासाच्या जठरात दाखवले. दूषित हवेची उपपत्ती त्यामुळे त्याज्य ठरली. नाव मात्र टिकून राहिले.

मराठीतील ‘हिवताप’ हा शब्द याहून वेगळ्या वाटेने घडला आहे. हीव म्हणजे थंडी. थंडी वाजून येणारा ताप, असे लक्षण तो सांगतो. कारण सांगत नाही. म्हणूनच रोगाच्या कारणाविषयीचे मत बदलले, तरी त्याचा अर्थ अबाधित राहिला.