चूक कळली, पण कुणाला? युनिक्सपासून लिनक्सपर्यंतचा एक धडा

या मालिकेत आपण आतापर्यंत ऑपरेटिंग सिस्टिमनी काय काय साधलं, ते पाहिलं. आज उलट बाजूने बघू या. काम फसतं, तेव्हा सिस्टिम ते सांगते कसं? प्रश्न किरकोळ वाटतो. पण याच प्रश्नाने एका नावाजलेल्या डेटाबेसला जवळजवळ वीस वर्षं चकवलं. तिथपर्यंत पोहोचायचं, तर सुरुवात १९६० च्या दशकातून करावी लागेल.

एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज मिळून मल्टिक्स नावाची मोठी सिस्टिम बांधत होते. १९६९ मध्ये बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली आणि तिथल्याच केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं. मल्टिक्सवर काम केलेल्या टॉम व्हॅन व्लेक यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. ते रिचींना म्हणाले, की मी मल्टिक्ससाठी लिहितो त्यातला निम्मा कोड चुका सावरण्याचाच असतो. रिचींचं उत्तर असं, की आम्ही ते सगळं गाळलं. आमच्याकडे ‘पॅनिक’ नावाचं एक रूटीन आहे. ते चाललं की मशीन बंद पडतं, मग व्हरांड्यात ओरडून सांगायचं, अरे, पुन्हा चालू करा!

आपण हसतो, पण बघा, त्या पद्धतीत एक गोष्ट चोख होती. चूक झाली हे सगळ्यांना कळायचं. व्हरांडा छोटा होता आणि ओरडणारा ओळखीचा होता.

पण प्रत्येक चुकीला मशीन पाडून कसं चालेल? फाइल सापडली नाही, परवानगी नाही, अशा रोजच्या गोष्टींसाठी युनिक्सने आकड्यांची पद्धत घेतली. सी भाषेतल्या प्रोग्रॅमने कर्नलला काम सांगितलं आणि ते फसलं, तर उत्तर येतं वजा एक, आणि कारणाचा आकडा ‘एररनो’ नावाच्या जागेत ठेवला जातो. २ म्हणजे अशी फाइल नाही. १३ म्हणजे परवानगी नाही. २२ म्हणजे दिलेली माहिती चुकीची. पद्धत साधी, स्वस्त, त्या काळच्या लहान मशीनना परवडणारी. ती आजही चालू आहे.

तिच्या उणिवा मात्र लवकरच दिसल्या. पहिली गमतीची आहे. २५ क्रमांकाचा अर्थ होता ‘हा टाइपरायटर नाही’. तेव्हा टर्मिनल म्हणजे कागदावर टकटक छापणारं यंत्र, म्हणून हा शब्द. आता एखादा प्रोग्रॅम आउटपुट टर्मिनलवर जातंय का, हे तपासायचा. जात नसेल, तर एररनोमध्ये २५ बसायचा. पुढे भलत्याच कारणाने काम अडलं आणि प्रोग्रॅमने तो जुनाच आकडा वाचला, की वापरणाऱ्यासमोर यायचं, ‘नॉट अ टाइपरायटर’. मेल का गेली नाही असं विचारावं, तर उत्तर हे! म्हणजे जागा एकच आणि तिथला निरोप शिळा.

दुसरी उणीव त्या २२ क्रमांकाची. नेटवर्कची मांडणी करताना कर्नलला एका वेळी दहा-वीस गोष्टी कळवाव्या लागतात. त्यातली एक चुकली तरी उत्तर एवढंच, की माहिती चुकीची आहे. कोणती, ते शोधायला कर्नलचा कोड उघडून बसायचं. लिनक्सच्या ४.१२ आवृत्तीत, २०१७ साली, यावर उपाय आला. नेटलिंक या मार्गाने बोलताना कर्नल आकड्यासोबत एक वाक्य पाठवू लागलं, आणि नेमकी कोणती बाब खटकली, तेही दाखवू लागलं.

आता वाटेल, झालं की! शब्द स्पष्ट केले, प्रश्न सुटला. पण तसं नाही, आणि इथे आपण त्या डेटाबेसकडे येतो. त्याचं नाव पोस्टग्रेस.

प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहितो, तेव्हा मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. कर्नल तो मेमरीत ठेवतं आणि सवडीने उतरवतं. खात्री हवी असेल तर ‘एफसिंक’ हा कॉल करायचा. समजा, उतरवताना डिस्कने दगा दिला. जुनं लिनक्स त्या फाइलवर एक खूण ठेवायचं, आणि जो पहिला एफसिंक करेल त्याला चूक सांगून खूण पुसून टाकायचं. दुसऱ्याने विचारलं, तर सगळं ठीक! शिवाय अनेक फाइल सिस्टिममध्ये मेमरीतलं ते न उतरलेलं पानही ‘उतरलं’ असंच धरलं जायचं.

पोस्टग्रेसची समजूत अशी, की एफसिंक फसला तर पुन्हा करावा, जमला म्हणजे मजकूर डिस्कवर पोहोचला. दुसऱ्यांदा तो जमायचा, कारण खूण पुसलेली असायची. मग ज्या नोंदवहीच्या आधारे तो मजकूर परत मिळवता आला असता, तीही डेटाबेस निर्धास्तपणे मोडीत काढायचा. कुणाच्या तरी खात्यातली नोंद गेली, आणि कुणीच खोटं बोललं नव्हतं. चूक सांगितली गेली होती. फक्त एकदाच, आणि कदाचित भलत्यालाच.

हे प्रकरण २०१८ मध्ये उघड चर्चेला आलं. त्याच्या आधीच, ४.१३ आवृत्तीत, लिनक्सने एक सुधारणा केली होती. ज्यांनी ज्यांनी फाइल उघडून ठेवली आहे, त्या प्रत्येकाला चूक एकदा तरी कळेल, अशी नोंद ठेवायला सुरुवात झाली. तरी पुन्हा विचारलं की ‘ठीक’ हे उत्तर यायचंच. शेवटी पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांमध्ये ठरवलं, की एफसिंक फसला तर पुन्हा प्रयत्न नाही. डेटाबेसने स्वतःच कोसळायचं, आणि नोंदवहीतून सगळं परत उभं करायचं. त्या वागण्याचं नाव काय, माहीत आहे? पॅनिक.

पन्नास वर्षांनी आपण व्हरांड्यातच परत आलो का? नाही. रिचींच्या मशीनकडे पडल्यावर सावरायचं साधन फारसं नव्हतं, पोस्टग्रेसकडे नोंदवही होती. पण धडा तोच आहे. चुकीचा निरोप नीट लिहिणं हे अर्धंच काम. तो कुणाला द्यायचा आणि ज्याचं नुकसान होणार त्याच्यापर्यंत पोहोचला का, हे बघणं उरलेलं अर्धं. आज रात्री एखादा प्रोग्रॅम ‘सेव्ह झालं’ म्हणेल, तेव्हा एवढंच विचारून बघा: हे त्याला कुणी सांगितलं?

आता तुमचे प्रश्न घेऊ या.