दाहक पोटॅश
(पोटॅशियम हायड्रॉक्साइड, कॉस्टिक पोटॅश). पांढरा, घन व तीव्र क्षारकीय पदार्थ. हवेतील ओलावा शोषतो. पाण्यात विरघळताना उष्णता बाहेर पडते. पोटॅशियम क्लोराइडाच्या विद्रावाचे विद्युत् विच्छेदन करून तयार करतात. १८०७ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी वितळलेल्या दाहक पोटॅशापासून पोटॅशियम धातू वेगळा केला.

उपयोग : मऊ व द्रवरूप साबण यापासून बनतात. मँगॅनीज डाय-ऑक्साइड याच्यासह हवेत तापवून मँगॅनेट आणि त्यापासून विहिरीच्या पाण्यात टाकण्याचे पोटॅशियम परमँगॅनेट मिळते. अल्कलाइन बॅटरीतही दाहक पोटॅश व मँगॅनीज डाय-ऑक्साइड ही जोडी असते.

दक्षता : त्वचा व डोळे गंभीर भाजतात, ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे व वैद्यकीय मदत घ्यावी.